रस्ता पाठ होता

"बाई, इथं का थांबलात?" परीक्षकाने विचारले.

तिने आरशात पाहिले, मग बाजूला पाहिले आणि मग तिच्या लक्षात आले. गाडी कडेपासून हातभर अंतर ठेवून, अगदी मापात, बस थांब्याच्या खांबापाशी उभी होती. थांब्यावर दोन कॉलेजातल्या मुली होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ. गृहस्थ तर पुढे होऊन गाडीत डोकावूही लागले होते.

"थांबा आला म्हणून…" ती म्हणाली.

"बस चालवताय का तुम्ही?"

एरवी तिला हसू फुटले असते, पण परीक्षकाच्या चेहऱ्यावर हसण्याचे नावनिशाण नव्हते. त्यामुळे ती आणखीच गडबडली. पुढच्या चौकात डावीकडे वळायचे, तर तिने गाडी आधी चांगली उजवीकडे काढली आणि मग ऐसपैस वळवली. मागच्या स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक लावला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परीक्षकाने पेनाला टोपण लावले.

"असलं वळण बसला लागतं, बाई. तुमच्या या डबीला नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या यांनी."

"काय करतात ते?"

"बस चालवायचे."

"तरीच," परीक्षक म्हणाला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा माणसासारखा झाला. पण नापास ते नापासच. पुन्हा परीक्षा द्यायची तर खिडकीवरून नवी तारीख घ्यायची होती, आणि तारखांसाठी तर माणसांची झुंबड उडालेली. तिला मिळालेली तारीख थेट थंडीतली होती.

"जरा लवकरची नाही का मिळणार?" तिने खिडकीतल्या माणसाला विचारले. "आमच्या यांचे डोळे चाललेत हो. तोवर…"

"इथं प्रत्येकाचं काही ना काही असतंच, ताई," तो म्हणाला. उर्मटपणे नव्हे. दिवसभर तेच तेच ऐकणारा माणूस जसे म्हणेल, तसे.

घरी नवरा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. तिच्या चपलांच्या आवाजावरूनच त्याने ओळखले असावे.

"घोडं अडलं?"

"नापास."

"कशात?"

"थांब्यावर थांबले."

तो क्षणभर तिच्याकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, "कुणी चढलं का?"

"एक आजोबा चढणारच होते."

मग मात्र तो असा हसत सुटला, की त्याला ठसका लागला. तीही हसली. दोघेही पोट धरून हसली, आणि हसता हसता तो मध्येच थांबला. खुर्चीचा हात चाचपत म्हणाला, "माझीच चूक गं. मला दुसरं शिकवताच येत नाही."

आता हे गाडी शिकायचे, म्हणजे खरे तर समुद्र बघायला जायचे, खूळ कुठून निघाले, ते सांगायला हवे.

तिच्या नवऱ्याची निम्मी हयात एकाच रस्त्यावर गेली होती. शहरातून निघून समुद्राच्या कडेकडेने जाणारा, डोंगर आणि पाण्याच्या मधून अंग चोरत गेलेला तो रस्ता. लोक लांबून लांबून तो बघायला येत. सकाळी जाताना समुद्र डाव्या हाताला, संध्याकाळी परतताना उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीलाच खेटून. वाटेत वाळूचे तीन किनारे लागत. तिसऱ्या किनाऱ्याच्या वरच्या वळणावर बस आली, की मागून हमखास आवाज यायचा, 'अरे बघ, बघ, बघ!' बस त्या बाजूला जरा कलायची. आणि हा गृहस्थ? हा त्या वळणावर डोळ्यांत तेल घालून समोरचा रस्ता बघायचा. डेपोत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. नेमून दिलेल्या वेळेला निघायचे, नेमून दिलेल्या वेळेला पोचायचे, आणि मधल्या वेळात समोर बघायचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

"नजर चुकवून तरी कधी बघितला असेल की," ती एकदा म्हणाली होती.

"माझ्या मागं पन्नास माणसं बसलेली. मी समुद्र बघायला लागलो, तर सगळ्यांनाच जवळून दिसला असता."

"म्हणजे एकदाही नाही?"

"निळं काहीतरी असायचं बाजूला. बास, तेवढंच."

सुट्टीच्या दिवशी जाऊ म्हटले, तर तो कपाळावर हात मारायचा. सुट्टीच्या दिवशीही तोच रस्ता? आणि तिला तरी कुठे उसंत होती! ती रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे यांच्या ढिगाऱ्यातून डोके वर निघाले, तर घरचा स्वयंपाक. मग लेकीचे शिक्षण, लग्न. समुद्र काही पळून जात नाही, असे दोघेही म्हणायची. समुद्र खरेच कुठे पळून गेला नाही.

गेली ती नजर. डेपोतल्या दरवर्षीच्या तपासणीत ते निघाले. कडेकडेने अंधार आत सरकत होता. तो डोके वळवून वळवून त्याची भरपाई करत होता आणि कुणाला कळू देत नव्हता. त्याच दिवशी त्याला स्टिअरिंगवरून उतरवले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती किती दिवस राहील, तेही सांगता येत नाही.  तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "मला एकदा शेजारच्या सीटवर बसून समुद्र बघायचाय."

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, टॅक्सी करून जा ना दोघं."

"परक्याच्या गाडीत माझं सगळं लक्ष त्याच्या ब्रेककडं. समुद्र कधी बघू?"

"मग तुमच्याच बसनं जा."

 बसवर सगळी ओळखीची पोरे. पायरीवर पाऊल चाचपताना त्यांनी आपल्याला बघावे, हे त्याला नको होते, हे बायकोला न सांगता समजले. तो मात्र एवढेच म्हणाला, "बस तिसऱ्या किनाऱ्याला थांबत नाही. वळण आहे तिथं." मग लेकीने आपली जुनी छोटी गाडी पाठवून दिली, आणि आयुष्यभर बायकोला शेजारून सूचना न देणाऱ्या त्या माणसाने पन्नाशी उलटलेल्या बायकोला गाडी शिकवायला घेतली.

लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी त्यांचा वर्ग भरायचा. लाँड्रीतली तिची जोडीदारीण, जिच्यासोबत ती वर्षानुवर्षे चादरींच्या घड्या घालत आली होती, ती खिडकीतून ओरडायची, "ताई, आमच्या भिंतीला हॉर्न द्या हो!" सुरुवातीला तिला घाम फुटायचा. नवरा मात्र शांत. आरशात बघ. आता सिग्नल. आता दुसरा गिअर. मागे माणसं उभी आहेत असं समज, धक्का बसता कामा नये. ती शिकली, आणि चांगली शिकली. फक्त ती गाडी शिकत नव्हती, बस शिकत होती. ते दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

रात्रीची जेवणे झाली, की टेबलावर सहलीची आखणी व्हायची. कपडे वाळत घालायची दोरी टेबलावर वेडीवाकडी पसरायची, तो रस्ता. त्यावर चिमटे लावायचे, ती वळणे. निळा चिमटा म्हणजे पूल. लाल म्हणजे पहिला किनारा, तिथे थांबायचे नाही, गर्दी फार. हिरवा म्हणजे दुसरा, तिथे वाळू कमी, खडक जास्त. पिवळा चिमटा म्हणजे चहाची पिवळी टपरी. तिच्या पुढे चढ, म्हणून टपरी दिसली की गिअर खाली घ्यायचा. चढ संपला की मोठे वळण, वळणानंतर डावीकडे कच्ची वाट, आणि दोरीच्या टोकाला पांढरा चिमटा. तिसरा किनारा.

"इथं पोचलो की मी काही करणार नाही," तो म्हणायचा. "गाडीतून उतरेन आणि बघत बसेन. तू मला हाकसुद्धा मारायची नाहीस."

"आणि मी काय करू?"

"तूही बघ. तू तरी कुठं बघितलायस?"

नापास झाल्यावर मात्र टेबलावरची दोरी नुसती पडून राहू लागली. वर्ग चालू होता. बस विसर, थांबे विसर, असे तो तिला घोकायला लावायचा. आणि थांबा आला, की तिचा पाय आपोआप ब्रेककडे जायचाच. मधल्या महिन्यांत तो पेपर वाचेनासा झाला. म्हणाला, त्यात वाचण्यासारखे असते काय? टीव्हीसमोर बसायचा, पण बातम्या ऐकायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो डेपोतल्या एका मित्राबरोबर गेला, तिला रजा घेऊ दिली नाही. परत आला तेव्हा तिने विचारले, "काय म्हणाले?"

"आहे तसंच आहे म्हणाले."

तिचा जीव भांड्यात पडला. घरात तो सरळ चालायचा, पेला उचलायचा, दाराची कडी एका झटक्यात काढायचा. एकदा बऱ्याच दिवसांनी दोरीवर चिमटे लावताना त्याने हिरव्याच्या जागी लाल लावला. तिने तो गुपचूप बदलला. दिवा मंद आहे, असे ती स्वतःशी म्हणाली. माणसाला जे नको असते, ते त्याला डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि तिचे तर डोळे शाबूत होते.

थंडीत ती पास झाली. परीक्षक तोच होता. थांब्यावरून गाडी न थांबता पुढे गेली, तेव्हा त्याने हळूच तिच्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

निघायच्या दिवशी नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. गाडीत बसताना दाराच्या चौकटीवर हात ठेवून जरा थबकला, मग बसला आणि पट्टा लावला. तिने आरसा दोनदा सरळ केला. मोठ्या रस्त्यावरची तिची ही पहिलीच खेप, तीही डोंगर आणि पाण्याच्या मधून.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "मी आहे."

आणि खरेच, तो होता. शहर मागे पडले आणि त्याने जणू तिचे बोट धरले. आता उतार, पाय हलका ठेव. पुढे पूल, पुलावर पाठोपाठ दोन खड्डे असतात. हा पहिला किनारा, पोरंटोरं रस्त्यात धावत येतात, हॉर्न दे. तिने हॉर्न दिला. पोरे खरोखरच धावत आली. ती हळूहळू सावरली. डाव्या बाजूला काहीतरी मोठे, हलणारे, चमकणारे आहे, हे तिला जाणवत होते, पण तिकडे मान वळवायची तिची छाती नव्हती. तिचे डोळे रस्त्याला चिकटले होते. आपण हा माणूस इतकी वर्षे समजून घेतलाच नाही, असे तिला वाटून गेले.

"तुम्ही बघा ना समुद्र," ती म्हणाली. "माझ्याकडं लक्ष देऊ नका."

"बघतोय," तो म्हणाला.

दुसरा किनारा मागे पडला. तो सीटवर किंचित पुढे सरकला. हात वर करून त्याने समोर डावीकडे बोट दाखवले.

"ती बघ पिवळी टपरी. घे गिअर खाली."

तिने पाहिले. टपरी नव्हती. तिथे सिमेंटचा एक चौथरा होता, त्यावर गवत उगवलेले, आणि पलीकडे नवा लोखंडी कठडा. टपरी जाऊन वर्ष तरी लोटले असावे.

तिने गिअर खाली घेतला. गाडी चढू लागली.  पूल, खड्डे, पहिला किनारा, पोरे, सगळे तिच्या डोक्यातून उलटे धावत गेले. टेबलावरचा लाल चिमटा आठवला. तिला वाटले, गाडी थांबवावी आणि स्टिअरिंगवर डोके ठेवून रडावे. पण चढ होता, आणि चढावर थांबायचे नाही, हे त्यानेच शिकवले होते.

"दिसली," ती म्हणाली.

"आता मोठं वळण. दोन्ही हात. छान."

वळणानंतर कच्ची वाट होती. तिने गाडी खाली वाळूपर्यंत नेली, लावली, इंजिन बंद केले. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हते. तो उतरला. दाराचा आधार सोडून चार पावले पुढे गेला, चपला काढल्या आणि वाळूत उभा राहिला. ठरल्याप्रमाणे ती काही बोलली नाही. लाटांचा आवाज येत होता, वारा त्याच्या शर्टात भरत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ तो तसाच उभा होता.

मग म्हणाला, "छान आहे."

"हो."

"निळा…" त्याने सुरुवात केली, आणि तो थांबला. पुढे काय म्हणायचे, ते त्याच्याजवळ नव्हते. त्याचा चेहरा तिला अनोळखी वाटला. घड्याळ म्हणून ज्याला ओळखायचे, तो माणूस पहिल्यांदाच कुठे येऊन पोचला ते न कळल्यासारखा उभा होता.

"रस्ता पाठ होता गं," तो हळू आवाजात म्हणाला. "समुद्र कधी पाठच केला नाही."

ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"कधी कळलं तुला?" त्याने विचारले.

"टपरीपाशी."

"नाहीये ना ती?"

"नाही."

"वाटलंच मला. चहाचा वास आला नाही." त्याने पायाने वाळू चाचपली. "मग गाडी मागं का नाही फिरवलीस?"

"तिथं वळायला जागा नव्हती," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. त्याने तिचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. थोडा उजेड कळतो अजून, म्हणाला. डॉक्टरांनी दिवाळीसारखी ठरलेली तारीख दिली असती, तर सांगितले असते. पण तू नापास झालीस त्याला कारण मीच, आणि तू रोज इतकी धडपडत होतीस, तर कुठल्या तोंडाने सांगू? तिने डोळे पुसले.

"सांग तरी," तो म्हणाला. "निळा आहे ना?"

तिला हो म्हणता आले असते. पण हा माणूस वळण सांगताना कधी खोटे बोलला नव्हता.

"आज निळा नाहीये. राखाडी आहे. आमच्या लाँड्रीतल्या धुऊन धुऊन विरलेल्या चादरी असतात ना, तसा."

"आणि लाटा?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "चादरीची घडी घालताना दोघी दोन टोकं धरतो आणि झटका देतो. तेव्हा मधोमध हवा भरते आणि ती फुगून खाली बसते. तसं चाललंय. सारखं. कुणी घडी घालतच नाहीये."

तो हसला. अगदी थोडा. मग वाळूत बसला आणि पायाशी पाणी येईपर्यंत बसून राहिला. तीही बसली. पाणी आले, त्याच्या घोट्यांना लागले, मागे गेले. उठताना त्याने चष्मा काढला. गाडीत बसल्यावर समोरचा कप्पा उघडला, चष्मा आत ठेवला आणि कप्पा लावून टाकला.

परतताना समुद्र तिच्या खिडकीशी आला. वारा तिच्या उजव्या गालावर लागत होता. मोठे वळण मागे पडले. तो आता सूचना देत नव्हता. त्याने तोंड तिच्या बाजूला, समुद्राकडे केले होते.

"आता कसा दिसतोय?" त्याने विचारले.

"मला नाही बघता येत. मी गाडी चालवतेय."

"हां," तो म्हणाला. "ते राहिलंच."

 डोळ्यांत पाणी आले तर रस्ता धूसर दिसतो, म्हणून ती पापण्या मिटून उघडून ते मागे सारत होती. उतार संपला. पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला, बस थांब्याचा खांब दिसू लागला. थांब्यावर कुणी नव्हते. तिने आरशात पाहिले, सिग्नल दिला आणि गाडी कडेपासून हातभर अंतरावर, अगदी मापात, धक्का न देता उभी केली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"थांबा आला."

तिने हँडब्रेक ओढला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, पूर्ण वळून, खिडकीबाहेर नीट पाहिले.

"ऊन पडलंय आता," तिने सांगायला सुरुवात केली. "सगळीकडं नाही, मधेच एका पट्ट्यात. तिथं पाणी पांढरं झालंय, बघवत नाही इतकं. त्याच्या अलीकडं एक होडी आहे. दोन माणसं आहेत तिच्यात. एक उभा आहे. जाळं असावं त्याच्या हातात… हो, जाळंच आहे. ओढतोय. दुसरा नुसता बसलाय."

तो मान खाली घालून ऐकत होता. तिचे सांगून झाल्यावरही, आणखी काही आहे का म्हणून, तो थोडा वेळ थांबला. मग त्याने हात पुढे केला, समोरचा डॅशबोर्ड शोधला आणि कंडक्टर घंटी देतो तसे त्यावर दोनदा ठोकले.

तिने हँडब्रेक काढला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. शहर येईपर्यंत अजून बरेच थांबे होते.